स्वमग्नतेवर स्टेम सेल उपचार : बाग विकण्यापूर्वी

प्रश्न : आम्ही निफाड तालुक्यातील एका गावात राहतो. माझा मुलगा साडेचार वर्षांचा असून त्याला स्वमग्नता म्हणजेच ऑटिझम असल्याचे दोन वर्षांपूर्वी नाशिकच्या डॉक्टरांनी सांगितले. तो अजून सलग बोलत नाही. आठवड्यातून दोनदा त्याला स्पीच थेरपीसाठी नाशिकला नेतो, पण ऑक्टोबर छाटणीपासून माल निघेपर्यंत खूप खाडे होतात. मध्यंतरी एका मोठ्या शहरातील केंद्राने नाशिकमध्ये पालकांचा मेळावा घेतला. मुलाच्याच कमरेच्या हाडातून स्टेम सेल काढून त्या पाठीच्या मणक्यातून सोडल्या की मेंदूच्या पेशी दुरुस्त होतात, असे तीन वेळा करावे लागते, असे तेथे सांगितले आणि बऱ्या झालेल्या मुलांचे व्हिडिओ दाखवले. खर्च काही लाखांत आहे. सासरे अर्धा एकर द्राक्षबाग विकायला तयार झाले असून आम्ही नावनोंदणीची रक्कमही भरली आहे. मला सध्या सातवा महिना आहे. बाळाच्या नाळेतील रक्त साठवून ठेवा, ते मोठ्या मुलाच्या कामी येईल, असे एका खासगी बँकेच्या प्रतिनिधी सांगतात. धाकटे दीर म्हणतात की ही सगळी फसवणूक आहे. घरात रोज वाद होतात. काय करावे?
— एक आई, निफाड तालुका

उत्तर : ताई, तुमच्या दोन्ही प्रश्नांची उत्तरे आधी स्पष्ट सांगते आणि कारणे त्यानंतर देते. मुलाच्या स्वमग्नतेसाठी हा उपचार करू नका आणि त्यासाठी जमीन विकू नका. बाळाच्या नाळेतील रक्त खासगी बँकेत साठवण्यासाठीही पैसे भरू नका. तुमच्या दिरांचा निष्कर्ष बरोबर आहे. मात्र स्टेम सेल हा प्रकारच मुळात थोतांड आहे असा त्यांचा समज असेल तर तो बरोबर नाही. या पेशींनी हजारो मुलांचे प्राण वाचवले आहेत, आणि त्या खऱ्या यशाच्या नावावरच तुम्हाला भलतीच गोष्ट विकली जात आहे. म्हणून हे यश कोठे आणि का मिळाले, हे घरातील सर्वांनी समजून घ्यावे असे मला वाटते.

आपल्या हाडांच्या पोकळीतील मज्जेत काही मोजक्या मूलपेशी, म्हणजेच स्टेम सेल, असतात. त्या स्वतःसारख्या नव्या पेशी निर्माण करतात आणि त्यांच्यापासूनच तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी व बिंबिका (प्लेटलेट्स) आयुष्यभर तयार होत राहतात. टोरोंटो येथील टिल आणि मॅककुलॉक या शास्त्रज्ञांनी १९६१ मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून अशा पेशींचे अस्तित्व दाखवून दिले. अमेरिकेतील डॉ. डोनल थॉमस यांनी त्याच सुमारास अस्थिमज्जा प्रत्यारोपणाचा पाया घातला आणि १९९० मध्ये त्यांना त्याबद्दल नोबेल पारितोषिक मिळाले. भारतातील पहिले अस्थिमज्जा प्रत्यारोपण १९८३ मध्ये मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात झाले. रक्ताचे काही कर्करोग, अप्लास्टिक अ‍ॅनिमिया, थॅलेसेमिया, सिकलसेल आणि जन्मजात प्रतिकारशक्तीचे काही गंभीर दोष यांवर हा आज मान्यताप्राप्त उपचार आहे.

थॅलेसेमियाचेच उदाहरण पाहू. या मुलांच्या मज्जेतील पेशींना हिमोग्लोबिन नीट तयार करता येत नाही, त्यामुळे दर काही आठवड्यांनी त्यांना रक्त चढवावे लागते. प्रत्यारोपणात तीव्र औषधांनी त्यांची सदोष मज्जा रिकामी केली जाते आणि नंतर जुळणाऱ्या दात्याच्या मूलपेशी सलाइनप्रमाणे शिरेतून दिल्या जातात. त्या रक्तावाटे हाडांपर्यंत पोचतात, तेथे स्थिरावतात आणि निरोगी रक्त तयार करू लागतात. सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळणी होण्याची शक्यता चारात एक असते. येथे आजार ज्या पेशीत आहे तीच पेशी बदलली जाते, आणि यशाचे कारण हेच आहे. तरीही हा उपचार सोपा नाही. जंतुसंसर्ग होतो, दात्याच्या पेशी रुग्णाच्या शरीरावर उलटू शकतात आणि काही मुले दगावतात. चार दशकांहून अधिक अनुभव असलेली रुग्णालयेसुद्धा पालकांना हे धोके आधी समजावून सांगतात. तुमच्या ओळखीत कोणाच्या मुलाला थॅलेसेमिया असेल तर त्यांना एक गोष्ट अवश्य सांगा : कोल इंडियाच्या अर्थसाहाय्याने २०१७ पासून चालणाऱ्या थॅलेसेमिया बालसेवा योजनेतून ठरावीक रुग्णालयांतील प्रत्यारोपणासाठी १० लाख रुपयांपर्यंत मदत मिळू शकते. सुरगाणा, पेठ, कळवण या आपल्याच जिल्ह्यातील आदिवासी पट्ट्यात सिकलसेलचे रुग्ण आहेत. त्या आजारावर रुग्णाच्याच मूलपेशींमध्ये जनुकीय दुरुस्ती करून त्या परत देण्याच्या कॅसजेव्ही या उपचाराला नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनने आणि पुढच्याच महिन्यात अमेरिकेने मान्यता दिली. तो आज अतोनात महाग आहे, पण खरी प्रगती कशी असते ते त्यातून दिसते.

दुसरे उदाहरण डोळ्यांचे आहे. खेळताना चुन्याची पुडी किंवा डबी फुटून डोळ्यांत चुना गेलेली मुले आपल्याकडे नेत्रतज्ज्ञांना नेहमी पाहावी लागतात. बुबुळाच्या कडेला असलेल्या मूलपेशी चुन्याने जळाल्या की बुबुळावरचा पारदर्शक थर पुन्हा तयार होत नाही आणि दृष्टी जाते. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेने अशा रुग्णांच्या चांगल्या डोळ्यातून अगदी लहानसा तुकडा घेऊन त्यातील पेशींनी जळालेल्या डोळ्याचा पृष्ठभाग पुन्हा घडवण्याचे मोठे काम केले आहे आणि त्याची सोपी, कमी खर्चाची पद्धत २०१२ मध्ये जगापुढे मांडली आहे. येथेही नेमकी कोणती पेशी नष्ट झाली आहे ते माहीत आहे, आणि तीच पेशी त्याच जागी दिली जाते.

आता तुमच्या मुलाकडे वळू. बागेत एखादा वेल मेला तर त्या जागी नवे रोप लावून नांगी भरता येते. पण सगळे वेल जिवंत असून त्यांच्या वाढीचा घाटच वेगळा असेल, तर नांगी भरायची कोठे? स्वमग्नतेत मेंदूतील एखादी ठरावीक पेशी मेलेली किंवा खराब झालेली नसते. गर्भावस्थेपासूनच मेंदूची जडणघडण आणि त्यातील जोडण्या वेगळ्या पद्धतीने होत जातात, आणि त्यामागे अनेक जनुकांचा वाटा असतो. मुलाच्याच मज्जेतून काढलेल्या पेशींमध्येही तीच जनुके असतात. या पेशी मणक्यातील पाण्यात सोडल्यावर त्यांपासून मेंदूच्या पेशी तयार होऊन या जोडण्या बदलतात, असे दाखवणारा विश्वासार्ह पुरावा नाही. ‘खराब पेशी दुरुस्त होतात’ हे मेळाव्यातील वाक्य ऐकायला सोपे आहे, पण या आजाराला ते लागू पडत नाही.

या विषयावर कोणी प्रामाणिकपणे अभ्यासच केला नाही, असेही नाही. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात २ ते ७ वर्षे वयाच्या १८० स्वमग्न मुलांवर एक काळजीपूर्वक चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. काही मुलांना नाळेतील रक्ताच्या पेशी दिल्या गेल्या आणि काहींना तसेच दिसणारे, पण पेशी नसलेले द्रावण दिले गेले. कोणाला काय मिळाले हे पालकांना ठाऊक नव्हते. सहा महिन्यांनी सामाजिक संवादाच्या मुख्य मोजमापावर दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. मुलांच्या एका उपगटात थोडा फायदा असावा असे काही संकेत संशोधकांनी नोंदवले, पण अशा संकेतांवरून पुढचा अभ्यास आखायचा असतो, उपचार विकायचा नसतो.

मग व्हिडिओतील मुले खोटी आहेत का, असे तुमचे सासरे विचारतील. ती मुले खरी असतील आणि त्यांच्यातील सुधारणाही खरी असेल. साडेतीन वर्षांचे मूल साडेचार वर्षांचे होते तेव्हा तेही, आपल्या गतीने का होईना, पुढे सरकते. अशा केंद्रांत इंजेक्शनच्या जोडीला रोज कित्येक तास थेरपी करून घेतली जाते आणि घरी करायचा कार्यक्रमही दिला जातो. लाखो रुपये खर्चून परतलेले आईवडील मुलाकडे पूर्वीपेक्षा बारकाईने पाहू लागतात, त्याच्याशी अधिक बोलतात, आणि पूर्वी नजरेतून सुटलेली गोष्ट त्यांना आता दिसते. या सगळ्यात इंजेक्शनचा वाटा किती, हे व्हिडिओवरून कोणालाही सांगता येणार नाही. ते कळावे म्हणूनच ड्यूकच्या चाचणीत दुसरा गट ठेवला होता. ज्या मुलांमध्ये फरक पडला नाही त्यांचे व्हिडिओ मेळाव्यात दाखवले जात नाहीत, हेही लक्षात घ्या.

‘करून पाहायला काय हरकत आहे, त्याच्याच तर पेशी आहेत’ हा युक्तिवाद मी फार वेळा ऐकला आहे आणि तो मला सर्वांत धोकादायक वाटतो. साडेचार वर्षांच्या मुलाला तीन वेळा भूल देणे, हाडात सुई घालणे आणि मणक्यात टोचणे यांत वेदना, रक्तस्राव आणि जंतुसंसर्गाचे धोके आहेतच. पण याहून गंभीर घटनाही वैद्यकीय साहित्यात नोंदल्या गेल्या आहेत. एका दुर्धर आनुवंशिक आजाराच्या इस्रायली मुलाला मॉस्कोमध्ये गर्भाच्या मेंदूतील पेशी टोचण्यात आल्या. काही वर्षांनी त्याच्या मेंदूत आणि मणक्यात गाठी आढळल्या आणि त्या दात्यांच्याच पेशींपासून वाढल्या असल्याचे २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात सिद्ध झाले. अमेरिकेतील फ्लोरिडामध्ये तीन वयस्क स्त्रियांच्या डोळ्यांत त्यांच्याच पोटाच्या चरबीतून काढलेल्या पेशी टोचल्या गेल्या. तिघींचीही दृष्टी जवळजवळ पूर्णपणे गेली. त्यांनी या उपचारासाठी पैसे मोजले होते आणि हे संशोधन आहे असा त्यांच्यापैकी काहींचा समज होता. त्या पेशी त्यांच्या स्वतःच्याच होत्या, याचा त्यांना काहीही उपयोग झाला नाही.

कायद्याची बाजू दिरांना तपशिलात सांगा, कारण घरातील वाद मिटवायला तीच अधिक उपयोगी पडेल. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग यांनी २०१७ मध्ये दिलेल्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार, रक्ताच्या मान्यताप्राप्त आजारांसाठीचे मूलपेशी प्रत्यारोपण वगळता स्टेम सेलचा रुग्णांवरील वापर केवळ मंजूर वैद्यकीय चाचणीतच करता येतो. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या नीतिमत्ता मंडळाने तर डिसेंबर २०२२ मध्ये खास स्वमग्नतेबद्दलच सांगितले आहे की, तिच्यासाठी स्टेम सेल उपचाराची शिफारस करता येत नाही आणि अशा उपचाराचा प्रचार व जाहिरात हे व्यावसायिक गैरवर्तन मानले जाईल. म्हणजे तुम्ही ज्या मेळाव्याला गेला होता, त्या प्रकारालाच या मंडळाने हरकत घेतलेली आहे.

केंद्राकडून कदाचित असे उत्तर येईल की आम्ही चाचणीच करत आहोत. तसे असेल तर भारतीय वैद्यकीय चाचणी नोंदणी, म्हणजे सीटीआरआय, येथील नोंदणी क्रमांक लेखी मागा. ही नोंद कोणालाही संगणकावर उघडून पाहता येते. चाचणी नेमक्या कोणत्या आजारासाठी आहे, कोणत्या वयाच्या रुग्णांसाठी आहे आणि ती सध्या सुरू आहे की संपली आहे, हे तेथे लिहिलेले असते. केवळ क्रमांक आहे म्हणून उपचार सिद्ध झाला असे मात्र मुळीच नाही. त्याशिवाय नैतिक समितीची मान्यता आणि औषध महानियंत्रकांची परवानगी दाखवायला सांगा. आणि सर्वांत साधी कसोटी पैशांची आहे : ज्या प्रयोगाचा उपयोग होतो की नाही हेच अजून तपासायचे आहे, त्यासाठी सहभागी रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात, उलट चाचणीमुळे इजा झाली तर उपचार आणि भरपाई देण्याची जबाबदारी चाचणी करणाऱ्यांची असते. एकीकडे संशोधन म्हणायचे आणि दुसरीकडे लाखांचे दरपत्रक द्यायचे, या दोन गोष्टी एकत्र बसत नाहीत.

या क्षेत्राच्या भवितव्याबद्दल मी निराश आहे असे कृपया समजू नका. जपानच्या शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये उंदराच्या आणि पुढच्याच वर्षी माणसाच्या सामान्य पेशींना मूलपेशींसारख्या अवस्थेत परत नेऊन दाखवले आणि २०१२ मध्ये त्यांना जॉन गर्डन यांच्यासह नोबेल मिळाले. मूलपेशींपासून घडवलेल्या चेतापेशी पार्किन्सनच्या रुग्णांच्या मेंदूत बसवण्याच्या चाचण्या जपान आणि अमेरिकेत हाती घेण्यात आल्या आहेत. टाइप १ मधुमेहात मूलपेशींपासून तयार केलेल्या, इन्सुलिन निर्माण करणाऱ्या पेशींची पूर्ण मात्रा मिळालेल्या १२ रुग्णांपैकी १० जणांना वर्षभरानंतर इन्सुलिन टोचून घ्यावे लागत नव्हते, असे २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसते. मात्र त्यांना प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेत राहावी लागतात. हे दोन्ही आजार का निवडले गेले ते पाहा. पार्किन्सनमध्ये डोपामिन हे मेंदूतील रसायन तयार करणाऱ्या पेशी नष्ट होतात, तर टाइप १ मधुमेहात इन्सुलिन तयार करणाऱ्या. स्वमग्नतेत असे बोट ठेवून दाखवता येणारे काही नाही.

आता नाळेतील रक्ताविषयी. या रक्तात मूलपेशी असतात हे खरे आहे आणि १९८८ मध्ये पॅरिसमध्ये डॉ. एलियान ग्लुकमन यांनी फॅन्कोनी अ‍ॅनिमिया हा मज्जेचा आनुवंशिक आजार असलेल्या एका मुलावर त्याच्या नवजात बहिणीच्या नाळेतील रक्ताने पहिले यशस्वी प्रत्यारोपण केले. घरातील एका मुलाला थॅलेसेमियासारखा प्रत्यारोपणाने बरा होणारा आजार असेल, तर पुढच्या बाळाच्या नाळेतील रक्त राखून ठेवण्याला वैद्यकीय आधार आहे. तुमच्या मुलाचा आजार त्या प्रकारचा नाही. साठवलेले रक्त त्याच बाळाला स्वतःसाठी पुढे लागण्याची शक्यता अत्यंत कमी असते, शिवाय आनुवंशिक आजार झाला तर तोच दोष साठवलेल्या पेशींमध्येही असतो. म्हणूनच वैद्यकीय संशोधन परिषद आणि भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटना या दोघांनीही खासगी बँकांत असे रक्त सरसकट साठवण्याची शिफारस केलेली नाही. याउलट, जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस अशी आहे की बाळ जन्मल्यावर निदान एक मिनिट थांबून नाळ कापावी, म्हणजे वारेतील रक्त बाळाच्या अंगात जाते आणि पुढचे काही महिने त्याला लोह कमी पडत नाही. तुमच्या प्रसूतीच्या डॉक्टरांना हे आजच विचारून ठेवा. दुसरे बाळ झाल्यावर त्याच्या विकासाकडे पहिल्या वर्षापासून लक्ष ठेवा आणि १८ व २४ महिन्यांच्या वयात स्वमग्नतेची प्राथमिक तपासणी करून घ्या, कारण भावंडांत ही शक्यता इतरांपेक्षा जास्त असते.

तुमच्या पत्रातील एक ओळ मला या सगळ्याहून महत्त्वाची वाटते, ती म्हणजे हंगामात थेरपीचे खाडे होतात ही. विकण्याच्या विचारात असलेल्या जमिनीच्या किमतीचा लहानसा भागही या खाड्यांवर खर्च झाला, तरी मुलाला त्या इंजेक्शनपेक्षा अधिक मिळेल. स्पीच थेरपिस्टना स्पष्ट सांगा की चार महिने आम्हाला आठवड्यातून एकदाच येणे शक्य आहे, तेव्हा रोज घरी काय करायचे ते लिहून द्या आणि आजी-आजोबांनाही शिकवा. सासऱ्यांना नातवासाठी काही तरी करायचे आहे. त्यांनी रोज ठरावीक वेळ त्याच्याबरोबर बसावे, त्याला हवी असलेली वस्तू लगेच हातात न देता त्याच्याकडून खूण, चित्र किंवा शब्द येईपर्यंत थांबावे, बागेत फिरताना एकेका गोष्टीचे नाव घ्यावे. बोलणे उशिरा येत असलेल्या मुलाला चित्रांच्या साहाय्याने संवाद शिकवल्याने तो आळशी होईल, ही भीती मनातून काढून टाका. त्याची श्रवणतपासणी झाली नसेल तर आधी करून घ्या. झोप, झटके किंवा खाण्यापिण्याच्या तक्रारी असतील तर त्यांवर उपचार होतात आणि ते झाले की मुलाचे शिकणेही सुधारते.

सरकारी मार्गही पूर्ण वापरा. त्र्यंबक रोडवरील जिल्हा रुग्णालयात जाऊन लहान मुलांच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राची आणि दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्राची चौकशी करा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा समावेश आहे, त्यामुळे यूडीआयडी कार्डासाठी, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी, अर्ज करता येतो. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ आरोग्य विमा योजनेत वर्षाला १ लाख रुपयांपर्यंतच्या खर्चाची तरतूद असून त्यात ठरावीक मर्यादेपर्यंत थेरपीचाही समावेश आहे. शाळाप्रवेशाचे वय जवळ आले आहे, तेव्हा ही कागदपत्रे प्रसूतीच्या आधीच हाती आलेली बरी.

राहिली भरलेली नावनोंदणी. पावती, माहितीपत्रक, व्हॉट्सअ‍ॅपवरील संदेश आणि दरपत्रक यांतले काहीही पुसू नका. यजमानांच्या सहीने केंद्राला ईमेल आणि रजिस्टर पोस्टाने पत्र पाठवा. आम्ही उपचार घेणार नाही, भरलेली रक्कम परत करावी आणि आपल्या चाचणीचा नोंदणी क्रमांक व मंजुरीची कागदपत्रे लेखी कळवावीत, एवढाच मजकूर पुरेसा आहे. पंधरा दिवसांत उत्तर आले नाही तर रकमेसाठी नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे आणि डॉक्टरांच्या जाहिरातीबद्दल महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे तक्रार करता येते. कागदपत्रे आली तर ती तुमच्या बालरोगतज्ज्ञांना दाखवा आणि तोवर पुढचा हप्ता भरू नका.